वजन उतरवताना या चुका टाळा: भाकरी सुटते, तर्री सुटत नाही

वजन कमी करायचं ठरलं की आपल्याकडे पहिली कुऱ्हाड भाकरीवर पडते. मोबाईलवर आलेला 'सात दिवसांत सात किलो' असा कागद कुणीतरी पुढे पाठवतं, त्यात ओट्स, ब्रोकोली, अॅव्होकॅडो लिहिलेलं असतं. तालुक्याच्या बाजारात यातलं निम्मं मिळत नाही. मग उरतं ते उपाशी राहणं.

त्याआधी एक गोष्ट तपासा, ती म्हणजे वजन खरंच जास्त आहे का. भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्स (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने दोनदा भागून येणारा आकडा) 23 च्या खाली असावा असं मानतात. 160 सेंटिमीटर उंचीला हे साधारण 59 किलो होतात, आणि 64 किलोच्या पुढे लठ्ठपणात धरतात. शिंप्याचा टेप घ्या आणि श्वास सोडून बेंबीच्या पातळीवर पोट मोजा. पुरुषांत 90 आणि बायकांत 80 सेंटिमीटरच्या पुढे गेलं तर लक्ष द्यायला हवं, मग काटा काहीही दाखवो. दिवसभर वावरात निंदण करणारी 45 किलोची बाई डाएट करत असेल, तर तिला वजनाचा काटा नको, हिमोग्लोबिनची तपासणी हवी.

चूक पहिली: भाकरी-भात पूर्ण बंद

हे केलं की आठवड्यात दोन-तीन किलो उतरतात आणि माणूस खूश होतो. पण ती चरबी नसते. शरीर साखरेचा साठा यकृतात आणि स्नायूंत ठेवतं, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे 3 ग्रॅम पाणी असतं. भाकरी-भातातलं पिष्ट बंद केलं की साठा संपतो आणि त्याच्यासोबत पाणीही जातं. पंगतीत दोन दिवस जेवलं की तेच पाणी परत येतं आणि लोक म्हणतात, डाएट सोडलं अन् फुगलो.

उलट, ज्वारी म्हणजे हलकं असं धरून चार भाकरी खाल्ल्या तरी गणित चुकतं. ज्वारीचं आणि गव्हाचं पीठ ऊर्जेला जवळपास सारखंच. 70 ग्रॅम पिठाची भाकरी साधारण 230 ते 240 कॅलरी देते. बैठं काम असेल तर एका जेवणाला दीड-दोन भाकऱ्या, नाहीतर एक भाकरी आणि वाटीभर भात. भंडारा-गोंदियाकडे भाताशिवाय जेवण होत नाही. तिथे भात ठेवा, पण ताट भरून ढीग नको, मोजून दोन वाट्या. उरलेली जागा घट्ट वरण आणि ढेमसे, चवळीच्या शेंगा, अंबाडी, पालक यांना द्या.

चूक दुसरी, आणि सगळ्यात मोठी: तेलाचा हिशेब नाही

एक ग्रॅम तेल 9 कॅलरी देतं, एक ग्रॅम पीठ साडेतीनच्या आसपास. तरी आपण पीठ मोजतो आणि तेल डब्यातून सरळ कढईत ओततो. घरी तपासायची सोपी रीत आहे. 15 किलोचा डबा फोडला की झाकणावर तारीख टाका. चौघांच्या घरात तो पाच महिने पुरला, तर माणशी दिवसाला सुमारे 25 ग्रॅम पडलं, हे ठीक. दोनच महिन्यांत संपला तर माणशी 60 ग्रॅमच्या वर गेलं. म्हणजे प्रत्येकाच्या पोटात रोज 300 हून जास्त कॅलरी जादा, आणि ताटात त्या दिसतही नाहीत. तेल सोयाबीनचं, सरकीचं की फल्लीचं, याने कॅलरीत फरक पडत नाही.

कमी कसं करायचं? सकाळीच दिवसाचं तेल वाटीत काढा, चौघांना मिळून साधारण 110 मिली, आणि फोडणी त्यातूनच द्या. मसाला कांदा-लसणासोबत भाजताना बुडाला लागला तर तेल नको, पाण्याचा हबका मारा. सावजी भाजीवर किंवा पोह्यांच्या रश्श्यावर जी लाल तर्री तरंगते ती तेलच असते. ती पळीने बाजूला काढून खालचा रस्सा घ्या, तिखट तेवढंच लागतं. गोळाभातावर वरून फोडणीचं तेल घेतल्याशिवाय मजा नाही हे खरं. ते चमच्याने घ्या, पळीने नको. झुणका चांगला पदार्थ आहे, बेसनात प्रथिनं भरपूर. पण कढईच्या कडेने तेल सुटेपर्यंत परतलं की फायदा गेला.

चूक तिसरी: उपास म्हणजे डाएट

100 ग्रॅम साबुदाणा, 50 ग्रॅम दाण्यांचा कूट आणि दोन मोठे चमचे तेल यांच्या खिचडीत 850 च्या पुढे कॅलरी असतात. दोन भाकरी, वाटीभर वरण आणि भाजी यांच्या साध्या जेवणापेक्षा जास्त. उपास करायचाच तर भगर आणि ताक घ्या.

निर्जळी उपास विदर्भाच्या उन्हाळ्यात नकोच. पारा 45 वर असताना घामाने गेलेलं पाणी भरून निघत नाही. पूर्व विदर्भात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांनी उपाशी-तहानलेलं राहिलं तर अंगदुखीचा झटका येऊ शकतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण टाळलं तर साखर अचानक खाली येते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात. दोनच वेळा जेवायची पद्धत सुरू करण्याआधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्या.

लवकीचा म्हणजे दुधी भोपळ्याचा रस पिणाऱ्यांनी आधी फोडीचा तुकडा चाखावा. कडू लागला तर तो रस विषारी असतो, थेंबही पिऊ नये. साल काढल्याने किंवा मीठ घातल्याने विष जात नाही.

चूक चौथी: चहा मोजत नाही

चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे रोज सुमारे 40 ग्रॅम, 160 कॅलरी. गूळ घातला तरी आकडा जवळपास तोच. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जिभेला कळत नाही.

चूक पाचवी: प्रथिनं विसरणं

वजन उतरताना प्रथिनं कमी पडली की चरबीबरोबर स्नायूही झिजतात आणि अशक्तपणा येतो. 60 किलोच्या माणसाला दिवसाला 50 ते 60 ग्रॅम लागतात. तीन भाकऱ्यांतून सुमारे 20, दोन वेळच्या घट्ट वरणातून 13, दोन अंड्यांतून 12, मूठभर भिजवलेल्या हरभऱ्यातून 6 मिळतात. अंडं चालत नसेल तर दोन वाट्या दही आणि जास्तीची उसळ. पातळ पाण्यासारखं वरण यात धरू नका.

वजन उतरणं थांबलं तर

आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी गती चांगली आहे. फार झपाट्याने उतरलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. वजन आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, त्याच काट्यावर करा. सलग तीन आठवडे काटा हलला नाही तर आधी आठवडी बाजारचा आलूबोंडा, वावरातले रोडगे आणि लेकरांच्या ताटातलं उरलेलं संपवणं हे सगळं तीन दिवस रोज लिहून काढा. बहुतेकदा गळती तिथेच सापडते. सगळं नीट असून वजन वाढतंच असेल, थंडी जास्त वाजत असेल, पाळी बिघडली असेल, तर ग्रामीण रुग्णालयात थायरॉइड तपासणीबद्दल विचारा.