बडोद्यात प्लांटच्या इंटरव्ह्यूला जाताना

केमिकल किंवा मेकॅनिकल शिकलेल्या बडोद्याच्या मुलामुलींना पहिला इंटरव्ह्यू बहुधा नंदेसरी, मकरपुरा नाहीतर सावली रोडवरच्या मंजुसरच्या औद्योगिक वसाहतीत द्यावा लागतो. तयारीचा वेळ मात्र ‘स्वतःबद्दल सांगा’च्या पाठांतरात जातो. ते दीड मिनिटात आटपतं. पुढचा सगळा वेळ तुमच्याच बायोडेटाची उलटतपासणी चालते. म्हणून बायोडेटा एका पानाचा ठेवा आणि ज्या ओळीवर लागोपाठ तीन प्रश्न झेपणार नाहीत, ती खोडून टाका.

‘ट्रेनिंगमध्ये पंप पाहिले’ असं लिहिलंत की समोर कोरा कागद येतोच. सेंट्रिफ्युगल पंपाचं (फिरत्या चाकाने द्रव ढकलणारा पंप) चित्र काढा, तो चालू कसा कराल ते सांगा. क्रम असा: सक्शन (द्रव आत येण्याच्या बाजूचा) व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, केसिंग म्हणजे पंपाचं कवच द्रवाने भरून हवा काढा, डिस्चार्ज (द्रव बाहेर पडण्याच्या बाजूचा व्हॉल्व्ह) बंद ठेवून मोटर सुरू करा, प्रेशर आलं की डिस्चार्ज हळूहळू उघडा. डिस्चार्ज बंद का, तर सुरुवातीला मोटरवर लोड कमी यावा म्हणून. पण तसाच बंद ठेवला तर आतला द्रव घुसळून तापतो. मग हमखास फिरकी: गिअर पंपही (दातेरी चाकांनी द्रव पुढे ढकलणारा) असाच चालू कराल? नाही. तो डिस्चार्ज उघडा ठेवूनच सुरू करायचा, नाहीतर प्रेशर चढत जाऊन जादा प्रेशर सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उडतो किंवा लाइन फुटते. इथे ‘हो’ म्हणून बसणारे पुष्कळ.

त्यापुढे कॅव्हिटेशन, म्हणजे सक्शनला प्रेशर कमी पडून द्रवात बुडबुडे होणं आणि ते पंपात फुटणं. नुसती व्याख्या पुरत नाही. पंपात खडी फिरल्यासारखा आवाज येतोय, काय बघाल? सक्शनचा स्ट्रेनर (गाळणी) चोक झालाय का, टाकीची लेव्हल उतरलीय का, द्रव नेहमीपेक्षा गरम आहे का. तात्पुरता उपाय म्हणून डिस्चार्ज थोडा आवळून फ्लो कमी करता येतो. सक्शन आवळतो म्हणालात की त्रास वाढवलात.

सेफ्टीचा प्रश्न शेवटी, सहज विचारल्यासारखा येतो: क्लोरीन लीक झाला तर कुठे पळाल? ‘गेटकडे’ हे उत्तर चुकू शकतं, कारण वारा जिकडे वाहतोय तिकडेच गेट असेल तर गॅसही तिकडेच निघालाय. आधी विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी) बघायचा, वाऱ्याला आडवं बाहेर पडायचं, मग वारा जिकडून येतो त्या बाजूला जायचं. खड्डा, तळघर टाळायचं. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, खाली साचतो.

भाषेची धास्ती नको. ज्या भाषेत प्रश्न, त्या भाषेत उत्तर. प्लांटचे साहेब गुजरातीत विचारत असतील तर ‘वाल्व धीमे धीमे खोलवो’ हे तुटक्या इंग्रजीपेक्षा शंभरदा बरं. घरी मराठी नि गल्लीत गुजराती बोलणाऱ्याला हे मुद्दाम शिकावं लागत नाही. इंग्रजीत विचारलं तर वाक्यं छोटी ठेवा.

पगाराचा आकडा ऐकून लगेच मान हलवू नका. वर्षाला ३,६०,००० सीटीसी (कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च) म्हणजे महिन्याला ३०,००० हातात, असं नसतं. बेसिक १५,००० धरा. कंपनीचा १२ टक्के पीएफ १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० त्यातच धरलेले असले, तर ग्रॉस (कपातीआधीचा पगार) उरतो सुमारे २७,४८०. त्यातून तुमचा पीएफ १,८०० आणि २०० प्रोफेशनल टॅक्स गेला की हातात साधारण साडेपंचवीस हजार. बस आणि कँटीनचे कापत असतील तर ते वेगळे.

पगाराइतकंच हेही विचारा: कंपनीच्या पेरोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या, की एक वर्षाची अप्रेंटिसशिप? नाइट शिफ्टची बस तुमच्या बाजूला येते का? बाँड (नोकरी न सोडण्याचा करार) किती महिन्यांचा? मार्कशीटचे ओरिजिनल दाखवायला न्या, झेरॉक्सचे दोन सेट द्यायला न्या. ओरिजिनल ठेवून घ्यायचं म्हणाले तर पावतीचं आश्वासनही पुरेसं नाही. फाइल परत मागा.