‘तेवीस’ ऐकून ‘32’ लिहिणारी मुलं : दुसरीच्या वर्गातला एक आठवडा

नव्याने शिक्षण सेवक (सुरुवातीची वर्षं मानधनावर काम करणारे शिक्षक) म्हणून रुजू झालेल्या दोघीतिघींनी विचारलं, आठवड्याचं टाचण, म्हणजे काय आणि कधी शिकवायचं याचं लेखी नियोजन, कसं काढायचं? मी 2019 मध्ये पवित्र पोर्टलमधून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन शिक्षक भरतीतून, लागले. बीड जिल्ह्यातली द्विशिक्षकी शाळा, माझ्याकडे पहिली आणि दुसरी एकत्र. तेव्हा मानधन महिना 6,000 रुपये होतं, आता 16,000 झालंय. टाचणाचा प्रश्न मात्र तोच आहे.

पहिल्या वर्षी मी सहा दिवसांचं टाचण काढायचे. अक्षर सुंदर, घटक सगळे, उद्दिष्टं ओळीत. आणि बुधवारपर्यंत निम्मं पान खोटं पडायचं. सोमवारी निम्मी पोरं नसतात; कुणी रविवारी मामाकडे गेलेलं, कुणी अजून आलेलं नाही. बाजाराच्या दिवशी दुपारनंतर वर्ग रिकामा होतो. मध्येच वरच्या कार्यालयाला एखादी माहिती ‘आजच’ हवी असते. शनिवारी सकाळची शाळा. म्हणून आता मी आठवड्याला गणितातली एक आणि भाषेतली एक अशा दोनच गोष्टी धरते, आणि मंगळवार ते शुक्रवार एवढेच दिवस मोजते. उरलेलं जमलं तर जमलं.

गेल्या आठवड्यात दुसरीसाठी धरलं होतं 21 ते 40 चं लेखन. मंगळवारी श्रुतलेखन घेतलं. तेवीस म्हटलं तर सात जणांनी 32 लिहिलं. एकोणतीसला कुणी 39, कुणी 31. हे तुमच्याही वर्गात होणार, तेव्हा घाबरू नका. मराठीत तेवीस म्हणताना आधी ‘ते’ ऐकू येतं, म्हणजे तीन. वीस मागून येतं. पोर कानाला येईल त्या क्रमाने लिहितं. एकोणतीसमध्ये तर ‘एक’ही आहे आणि ‘तीस’ही आहे, मग 31 लिहिणाऱ्याचं काय चुकलं? 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशी संख्यानावं आली तेव्हा केवढी थट्टा झाली. ज्यांनी ती केली त्यांनी दुसरीचा एक तास घेऊन बघायला हवा होता, असं मला अजून वाटतं. मी वर्गात दोन्ही म्हणून घेते: आधी ‘वीस तीन’, मग ‘तेवीस’. गावात आणि बाजारात तेवीसच चालतं, ते यायलाच हवं.

पहिल्या वर्षी अशाच 32 वर मी लाल फुली मारली होती आणि 23 दहा वेळा लिहायला लावलं होतं. त्या मुलीने दहाही वेळा नीट लिहिलं आणि अकराव्या वेळी पुन्हा 32. यंदा मी वही बाजूला ठेवली आणि तशाच एका मुलीपुढे खराट्याच्या काड्या ठेवल्या, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधलेले आणि काही सुट्या. म्हटलं, ‘तेवीस काड्या दे.’ तिने दोन गठ्ठे उचलले, तीन सुट्या काढल्या, माझ्या हातावर ठेवल्या. अजिबात न अडखळता. मग पाटीवर लिही म्हटलं, तर 32! तेवीस म्हणजे किती हे तिला पक्कं कळत होतं, चूक फक्त कान आणि हात यांच्या मधल्या रस्त्यात होती. मग पाटीवर दोन घरं आखली. डावं घर गठ्ठ्यांचं, उजवं सुट्यांचं. संख्या सांगितली की तिने आधी विचारायचं, ‘गठ्ठे किती?’, मगच पेन्सिल उचलायची. बुधवारी ती स्वतःशीच पुटपुटत होती, ‘गठ्ठे किती, गठ्ठे किती.’ गुरुवारी सातातले तीन उरले.

एकोणतीसला मात्र वेगळा उपाय. ‘ऊन म्हणजे कमी’ असं सांगून बघितलं, तर पोरं खिडकीबाहेर बघायला लागली. त्यापेक्षा तीन गठ्ठे हातात द्या आणि म्हणा, एक काडी मला परत दे. ती द्यायला गठ्ठा सोडावाच लागतो. रबर सुटतं, काड्या खाली पडतात, दोन गठ्ठे आणि नऊ सुट्या उरतात. तो सुटलेला गठ्ठा डोळ्यांपुढे राहतो.

हे चालू असताना पहिलीचं काय? त्यांना न हे अक्षर द्यायचं होतं. तक्त्यावर नळाचं चित्र, आणि पोरं एकसुरात म्हणाली, ‘तोटी!’ आता तोटीतून न कसा काढणार? चित्र झाकलं आणि विचारलं, आपल्या वर्गात न वरून कुणाची नावं आहेत? दोन निघाली. मग नाक, नख, नवरी. चार दिवस न नवरीचाच होता. तक्ता भिंतीवर राहू द्या, पण अक्षराची सुरुवात पोरांच्या तोंडातल्या शब्दाने करा. दोन वर्ग एकत्र असले की एकाला काम लावून दुसऱ्याला शिकवायचं असतं, आणि लावलेलं काम सात-आठ मिनिटांत संपणारं हवं. जास्त लांबलं की मारामारी ठरलेली.

पोषण आहाराचंही थोडं सांगते, कारण डी.एड.ला कुणी सांगत नाही. पहिली ते पाचवीला दरडोई 100 ग्रॅम तांदूळ. वाटपाआधी अन्न स्वतः चाखायचं आणि चव रजिस्टरमध्ये नोंद करायची. ही नोंद संध्याकाळी आठवून करू नका. आणि जेवणानंतरच्या तासाला नवीन गणित नको. गोष्ट, गाणं, मातीकाम ठेवा.

शनिवारी दप्तर नव्हतं. कागदी नोटांचं दुकान मांडलं, सगळ्या दहाच्या नोटा आणि एकाची नाणी. 32 लिहिणारी ती मुलगी दुकानदार झाली. एकाने तेवीस रुपयांची वही मागितली आणि तिच्या हातात तीन नोटा, दोन नाणी ठेवली. तिने एक नोट परत केली, वर हात पुढे केला: ‘अजून एक रुपया दे.’

टाचणाच्या मागच्या पानावर तीन नावं लिहून ठेवली आहेत. त्यांच्याकडून सोमवारी, आली तर, पुन्हा गठ्ठे बांधून घ्यायचे.