जुन्या दिवाळी अंकांचं कपाट मोबाइलवर कसं उघडायचं

आमचं ग्रंथालय तालुक्याच्या गावचं, सरकारी वर्गवारीत ‘क’ वर्गातलं. मागच्या खोलीत जुन्या दिवाळी अंकांची दोन कपाटं आहेत. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून कितीतरी मराठी कथा आधी अंकांतच छापून आल्या. काही तर पुढे पुस्तकात आल्याच नाहीत. पण ग्रंथालयात आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन जिथे नोंदतात, त्या दाखल नोंदवहीत अंकाचं नाव आणि साल एवढंच असतं. आत काय आहे हेच ठाऊक नसेल, तर वाचक मागणार काय? म्हणून मी अनुक्रमणिकाच त्यांच्या हातात द्यायला लागले.

अंक खिडकीजवळच्या टेबलावर सपाट ठेवा. फ्लॅश बंद, नाहीतर गुळगुळीत कागदावर पांढरा डाग पडतो. पानाशेजारी दाखल क्रमांकाची, म्हणजे नोंदवहीतल्या क्रमांकाची, चिठ्ठी ठेवून मगच फोटो काढा. चिठ्ठी राहिली, तर पन्नास फोटोंनंतर कुठलं पान कुठल्या अंकाचं हे कळत नाही. माझी एक अख्खी दुपार अशीच गेली. आणि फोटो फक्त अनुक्रमणिकेचा. कथेची पानं पाठवू नका, लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क शाबूत असतात.

फोटो गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडला की खाली मजकूर टाइप होऊन येतो. त्यावर विसंबू नका. जुन्या छपाईत ‘घ’चा ‘ध’ होतो, ‘भ’चा ‘म’ होतो, रफार उडतो. लेखकाचं नाव चुकलं तर ती कथा पुन्हा हरवलीच म्हणायची. एकाने फोटो मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने पडद्यावर दुरुस्त करावं. आमच्याकडे सुट्टीत येणारी कॉलेजची मुलं हे काम फार मन लावून करतात. मग गूगल शीटमध्ये चार रकाने : लेखक, शीर्षक, साल, दाखल क्रमांक. आता कुणी लेखकाचं नाव घेतलं की अंक मिनिटात सापडतो.

अनुक्रमणिका वाचकांपर्यंत न्यायला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करू नका. सुप्रभातच्या फुलांखाली ती बुडून जाते. ब्रॉडकास्ट यादी करा, म्हणजे एकच निरोप प्रत्येकाला वेगळा जातो. एका यादीत २५६ जण बसतात. मात्र ज्यांच्या फोनमध्ये ग्रंथालयाचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच निरोप पोचतो, म्हणून वर्गणी घेतानाच समोर नंबर सेव्ह करून घ्या. एका वेळी एकच अनुक्रमणिका पाठवा, खाली एक ओळ स्वतःची लिहा : यातली कुठली कथा तुम्हाला आवडली आणि का. माझा अनुभव असा की मागणी त्या ओळीमुळेच येते.

दिवसही बघून निवडा. आमचा बाजार गुरुवारी, म्हणून मी बुधवारी संध्याकाळी पाठवते. रात्री उत्तरं येतात : “१४२ ठेवा, उद्या बाजाराला येतोय.” सकाळी देवघेव सुरू होण्याआधी ते अंक काढायचे, नावाची चिठ्ठी लावायची आणि दाराजवळच्या टेबलावर मांडून ठेवायचे. भाजीची पिशवी हातात घेऊन आलेल्या माणसाला थांबायला वेळ नसतो.