गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगाची लस फ्रिजमध्ये गोठत होती, हे केल्यावर थांबलं

लस २ ते ८ डिग्रीतच ठेवायची, पण आमच्याकडे मागच्या बाजूच्या बाटल्या गोठायच्या, आणि एकदा गोठली की नंतर पातळ झाली तरी ती फेकायचीच. फ्रिजचा डायल कमी केला तर दारात तापमान १० च्या वर. डोकं फिरलं होतं.

जमलं ते असं: लस बर्फाला थेट लागणार नाही अशी फ्रिजबाहेरच्या आईसबॉक्समध्ये काढली, खालच्या कप्प्यात नि दारात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या लावल्या (लाईट गेली तरी गारवा टिकतो), मिनिमम-मॅक्झिमम थर्मामीटरचा (सगळ्यात कमी नि सगळ्यात जास्त तापमान दाखवतो तो) प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, मधल्या कप्प्यात पाण्याच्या बाटलीत बुडवला, डायल थोडा थोडा फिरवत अख्खा दिवस दोन्ही आकडे ३ ते ६ मध्ये राहीपर्यंत थांबलो, मगच लस मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीपासून चार बोटं सोडून. दारात लसीची एकही बाटली ठेवू नका, आणि सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत लिहाच.