बारावी झालेल्या मुलासाठी घरगुती सोहळा कसा आखावा

बारावीचा निकाल लागला की नाशिकमध्ये पेढ्यांच्या दुकानांपुढे गर्दी उसळते, दोन दिवस फोन वाजत राहतात आणि आठवडाभरात सारे प्रवेशाच्या धावपळीत विरून जाते. पुढे अनेक मुले शिक्षणासाठी पुण्या-मुंबईला जातात, त्यामुळे घर सोडण्यापूर्वी सर्वांनी निवांत एकत्र येण्याची ही बहुधा शेवटची संधी असते. हा सोहळा मुलाच्या लक्षात राहावा असे वाटत असेल, तर निकालाची वाट न पाहता परीक्षा संपताच, मार्चअखेरीस त्याची आखणी सुरू करावी. टक्के कळल्यावर ठरवलेला समारंभ टक्क्यांचाच होऊन बसतो. कमी पडले तर तो होतच नाही.

सर्वप्रथम तारीख ठरवावी. राज्य मंडळाचा बारावीचा निकाल २०२४ मध्ये २१ मे रोजी, तर २०२५ मध्ये ५ मे रोजी लागला, म्हणून समारंभ निकालाच्या दिवसाशी बांधू नये. मुलगा कोणत्या प्रवेश परीक्षा देणार आहे ते पाहावे: नीट साधारणपणे मेच्या पहिल्या रविवारी असते, तर जेईई अॅडव्हान्स्ड मेच्या उत्तरार्धात. शेवटची परीक्षा आटोपल्यानंतरचा पहिला किंवा दुसरा रविवार बहुतेकांना सोयीचा ठरतो. जून उजाडला की वळवाच्या सरींची धास्ती असते, त्यामुळे गच्चीवर बेत असल्यास डोक्यावर ताडपत्रीची सोय हवी.

त्यानंतर जागा. मे महिना लग्नसराईचा असल्याने मंगल कार्यालये आणि लॉन्स आधीच गेलेली असतात, आणि चाळीस-पन्नास माणसांसाठी ती लागतही नाहीत. सोसायटीचा हॉल किंवा स्वतःची गच्ची पुरेशी आहे. संध्याकाळचा कार्यक्रम असेल, तर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, हे मुलांना आधीच सांगून ठेवावे.

माझे मत मात्र सकाळच्या बाजूने आहे. मेमध्ये नाशिकचे ऊन दहा वाजताच डोक्यावर येते, आणि रविवारी सकाळी मिसळ खाण्याची या शहराची सवय जुनीच आहे. सकाळी आठला पाहुणे बोलवावेत, काळ्या मसाल्याची मिसळ, पाव, पापड, दही, ताक आणि शेवटी आमरसाची वाटी एवढाच बेत ठेवावा. पन्नास जणांसाठी अडीच ते तीन किलो कोरडी मटकी आणि माणशी तीन पाव धरावेत. रविवारच्या मिसळीसाठी मटकी शुक्रवारी सकाळी भिजत घालावी आणि रात्री निथळून कापडात बांधावी. शनिवारी दुपारपर्यंत मोड येतात. उन्हाळ्यात मोड लवकर येतात आणि तितक्याच लवकर मटकी चिकट होऊन आंबते, म्हणून मोड येताच ती फ्रिजमध्ये ठेवावी. पहिल्या खेपेला आम्ही ती ओट्यावरच ठेवली आणि रविवारी पहाटे मटकीसाठी दारोदार फिरावे लागले. तर्री वेगळ्या पातेल्यात ठेवावी, म्हणजे आजी-आजोबांनाही मिसळ खाता येते. हे घरी झेपणारे नसेल, तर आचाऱ्याला निदान पंधरा दिवस आधी सांगावे.

पाहुण्यांची यादी मुलानेच करावी. तुमच्या कार्यालयातील मंडळी त्यात नसतील, तर वाईट वाटून घेऊ नये. शिकवणाऱ्या एक-दोन शिक्षकांना मात्र मुलाने स्वतः घरी जाऊन आमंत्रण द्यावे. फोनवरचा निरोप त्यासाठी पुरेसा नाही. निमंत्रणात निकाल, टक्के किंवा ‘यश’ हे शब्द येऊ देऊ नयेत, ‘बारावीचे वर्ष पूर्ण झाल्यानिमित्त’ एवढे लिहावे. चौकात गुणांसह छायाचित्राचा फलक लावण्याचा मोह काही घरांना होतो. महापालिकेच्या परवानगीविना तो बेकायदा आहे, आणि त्याखालून रोज जाणाऱ्या कमी गुणांच्या मित्राचाही विचार करावा.

प्रत्यक्ष कार्यक्रम तासाभराचा पुरे. आईने किंवा आजीने औक्षण करावे, नंतर घरातील वडीलधाऱ्यांनी आणि शिक्षकांनी मुलाविषयी प्रत्येकी एक आठवण सांगावी. उपदेश नको, हे त्यांना नम्रपणे आधीच कळवावे. पहिलीपासूनच्या वर्गांची छायाचित्रे दोरीला चिमट्यांनी लावली, तर मित्रमंडळी तिथेच रेंगाळतात आणि वेगळ्या खेळांची गरज उरत नाही. प्रत्येकाकडून एका वहीत चार ओळी लिहून घ्याव्यात. वसतिगृहात नेण्यासारखी ही एकच भेट असते.

जेवणानंतर मुले पांडवलेणीवर किंवा गंगापूर धरणाकडे जाण्याचा बेत काढतीलच. पाण्यात उतरायचे नाही, ही अट स्पष्ट घालावी. त्यांच्यापैकी बरेच जण अजून १८ वर्षांचे नसतात. अल्पवयीन मुलाच्या हाती दुचाकी दिल्यास पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो, त्यामुळे एखाद्या काकांना मोठी गाडी घेऊन सोबत पाठवावे.

निकाल मनासारखा लागला नाही, तरी ठरलेली तारीख मोडू नये. गुणपडताळणीचा अर्ज मंडळाने दिलेल्या मुदतीत भरायचा असतो, म्हणून तो समारंभाआधीच उरकून घ्यावा, म्हणजे रविवारी सकाळी त्या विषयावर घरात कोणाला बोलावे लागणार नाही.