‘डेमी’ दिसला की ‘अर्धा’ लिहू नका: इंग्रजी साहित्य वाचताना या चुका टाळा

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत कॉलेजात इंग्रजी साहित्य घेतलेली मुलं हल्ली मोबाइलमधला शब्दकोश उघडून शेक्सपिअर वाचतात. त्यात वावगं काही नाही. पण ‘डेमी-’ आला की शब्दकोश ‘अर्ध-’ दाखवतो आणि वहीत ‘अर्धसैतान’, ‘अर्धस्वर्ग’, ‘अर्धलांडगा’ अशी पलटण उभी राहते. मग परीक्षकही अर्धेच गुण देऊन मोकळा होतो.

इंग्रजीत अर्ध्यासाठी मुख्य तीन उपसर्ग आहेत. ‘सेमी-’ लॅटिनचा, ‘हेमी-’ ग्रीकचा आणि ‘डेमी-’ फ्रेंचमधून आलेला. पहिले दोन बहुतेक वेळा सरळ वागतात. खोडकर तो तिसरा, आणि शेक्सपिअरचा नेमका त्याच्यावरच जीव.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याचा सगळीकडे एकच अर्थ लावणं. ‘द टेम्पेस्ट’च्या शेवटच्या अंकात प्रॉस्पेरो आपल्या गुलामाला, कॅलिबनला, ‘डेमी-डेव्हिल’ म्हणतो आणि लगेच तो अनौरस असल्याचंही ऐकवतो. आई सायकोरॅक्स चेटकीण, बाप म्हणे खुद्द सैतान. इथे हिशेब रक्ताचा आहे, त्यामुळे ‘अर्धा सैतान’ चालून जातं. आता ‘ऑथेल्लो’चा शेवट उघडा. तिथे हाच शब्द ऑथेल्लोला फसवणाऱ्या इयागोला लावलाय, पण त्याच्या जन्मात सैतानाचा काही संबंध नाही. शब्द येण्याच्या थोडं आधी ऑथेल्लो इयागोच्या पायांकडे बघतो. का? आपल्याकडे हडळ ओळखायची तर पावलं उलटी आहेत का बघतात; तिकडच्या समजुतीत सैतानाला खूर असतात. खूर काही दिसत नाहीत आणि ती नुसती दंतकथा, असं ऑथेल्लो स्वतःच म्हणतो. म्हणजे देह माणसाचा, करणी सैतानाची. इथे ‘माणसाच्या कातड्यातला सैतान’ म्हणा. ‘अर्धसैतान’ म्हटलंत तर इयागोचा निम्मा गुन्हा माफ केल्यासारखं होतं. मालवणीत उतरवताना कुणाला ‘देवचार’ सुचेल. नको. देवचार गावाची राखण करतो, त्याला मान असतो. इयागोला तो कशाला?

‘मॅकबेथ’मधले ‘डेमी-वुल्व्हज’ कुत्र्यांच्या जातींच्या यादीत येतात, तेव्हा ते लांडग्याच्या संकराचे कुत्रे, विषय संपला. ‘रिचर्ड दुसरा’मध्ये मरणाच्या दारातला राजाचा काका गाँट इंग्लंडला ‘डेमी-पॅरडाइज’ म्हणतो. त्याचा ‘अर्धा स्वर्ग’ केला की स्तुतीची टिंगल होते, मराठी कान त्यात ‘अर्धवट’ ऐकतो. ‘स्वर्गाच्या तोडीचं’ म्हटलं की भागतं. उलट ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’मध्ये क्लिओपात्रा अँटनीला ‘डेमी-अॅटलस’ म्हणते (अॅटलस म्हणजे ग्रीक कथांतला आकाश खांद्यावर पेलणारा) तिथे गणित चालतं: अर्ध्या जगाचा भार पेलणारा. रोमच्या सत्तेचे वाटेकरी खरं तर तीन होते, पण बाईंनी तिसऱ्या लेपिडसला हिशेबातच धरलेलं नाही.

दुसरी चूक म्हणजे नसलेला ‘डेमी’ शोधणं. सागरी कथांमध्ये ‘डेमिजॉन’ येतो. तो कुणा जॉनचा अर्धा भाग नाही की अर्धी बाटलीही नाही. फ्रेंच ‘दाम-जान’, म्हणजे ‘जान बाई’, या नावाचं ते बिघडलेलं रूप. बांद्याच्या पलीकडे गोव्यात फेणी साठवायला वेताच्या विणीतले पोटफुगे काचेचे बुधले वापरतात, तसलंच ते भांडं. ‘डेमिअर्ज’चंही तेच. ‘डेमीगॉड’शेजारी बघून त्याला ‘अर्धनिर्माता’ करू नका. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लोकांसाठी काम करणारा कारागीर; प्लेटोने तो विश्व घडवणाऱ्याला लावला.

आता ‘हेमी-’चा शब्द: ‘हेमिस्टिक’ म्हणजे कवितेच्या ओळीचा अर्धा भाग, दर वेळी अपुरी ओळ नव्हे. ‘बेवुल्फ’ या जुन्या इंग्रजी महाकाव्याच्या 3182 ओळींचा बांधाच असा आहे की मध्ये खंड पडतो आणि दोन्ही अर्ध अनुप्रासाने जोडलेले असतात. नाटकात कधीकधी एकाच ओळीचे दोन तुकडे दोन पात्रांना दिलेले असतात. बऱ्याच आवृत्त्यांत दुसरा तुकडा उजवीकडे सरकवून छापतात. तो छपाईचा दोष समजून दोन ओळी मोजल्या, की उद्धरणाचे ओळक्रमांक पुढे चुकतच जातात.

‘सेमी-ऑटोबायोग्राफिकल’, म्हणजे काहीशा आत्मचरित्रात्मक, कादंबरीत खरे प्रसंग निम्मे असतात, असंही धरू नका. डिकन्स लहानपणी बूटपॉलिशच्या कारखान्यात राबला. ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये त्याचं मद्याचं गोदाम झालं. यातलं निम्मं कसं काढणार?

ई-पुस्तकात शब्द सापडत नसेल तर ‘डेमी’ जोडून, तोडून आणि मध्ये आडवी रेघ देऊन, असा तिन्ही प्रकारे शोधा. जुन्या छपाईत शेवटी ‘आय’ऐवजी ‘वाय’ही असतो.