जर्मन रेल्वेचे युद्धकाळातले बिल्ले, पाट्या जमवताय? या चुका टाळा

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते नावामुळे. पाटीवर डॉइचे राइशबान (तेव्हाच्या जर्मन सरकारी रेल्वेचं नाव) लिहिलंय किंवा त्याचीच डीआर ही अक्षरं आहेत म्हणजे माल हिटलरच्या काळातलाच, असं धरून लोक पैसे मोजतात, पण युद्धानंतर पूर्व जर्मनीने रेल्वेचं हेच नाव चालू ठेवलं, अगदी १९९३ संपेपर्यंत, त्यामुळे बाजारात फिरणाऱ्या डीआरच्या कितीतरी वस्तू नंतरच्या असतात. पश्चिमेकडे मात्र १९४९ मध्ये नाव बदलून बुंडेसबान झालं.

इंजिनाच्या नंबर प्लेटचंही तसंच. ५२ क्लासच्या 'क्रीग्सलोक'ला, म्हणजे १९४२ पासून सहा हजारांवर बनलेल्या साध्या, कमी खर्चाच्या युद्धकाळातल्या इंजिनांना, भारी मागणी आहे. नंबरच्या शेवटी डॅश देऊन एक सुटा आकडा असेल तर प्लेट युद्धातली नाहीच, तो चेक डिजिट, म्हणजे नंबर पडताळायचा जादा आकडा, पश्चिमेत १९६८ ला आणि पूर्वेत १९७० ला आला. इंजिन जुनं असेलही, पण तुम्ही इंजिन विकत घेत नाही आहात.

आता गरुड, म्हणजे नाझी राजवटीचं चिन्ह. डब्यांवर आणि इंजिनांवर लावायचे ॲल्युमिनियमचे मोठे ओतीव गरुड, आणि नकलांचा खरा धंदा इथेच चालतो. अस्सल गरुडावरून साचा काढून नवा ओतला की धातू थंड होताना आकसतो, साधारण एक-सव्वा टक्का, म्हणजे ७० सेंटीमीटरच्या पंखविस्तारात सात-आठ मिलिमीटर कमी भरतात. म्हणून चमक आणि विकणाऱ्याची गोष्ट बाजूला ठेवा, टेप लावा, आणि खात्रीच्या नगाच्या मापाशी ताडून बघा. पिसांच्या रेघा बोथट झाल्यात का तेही बघा, आणि मागची बाजू तर बघाच, कारण खरोखर डब्यावर बसलेल्या वस्तूच्या भोकांपाशी बोल्टची झीज, रंगाचे थर असं काहीतरी उरतंच. फक्त पुढून काढलेला फोटो बघून पैसे पाठवू नका.

काही गरुडांच्या पंजातलं नाझी स्वस्तिक १९४५ नंतर छिन्नीने उडवलेलं किंवा घासून काढलेलं असतं. ते वेल्डिंग करून 'पूर्ण' करायच्या भानगडीत प्लीज पडू नका. ती खूण म्हणजे राजवट पडल्याचा पुरावा आहे, आणि माझ्या मते अशी वस्तू धडधाकट गरुडापेक्षा जास्त बोलते. पितांबरी किंवा लिंबू लावून चकाचक करणंही नको, मूळ रंग एकदा गेला की गेला. पांढरी पूड दिसली तर मऊ ब्रशने झाडा आणि वस्तू कोरडी ठेवा, बास.

कापडी बिल्ल्यावर यूव्ही टॉर्च मारा. धागा झगझगीत निळा-पांढरा चमकला तर तो युद्धानंतरचा असल्याचा संशय घ्या, पण नंतर डिटर्जंटने धुतलेला अस्सल बिल्लाही चमकू शकतो, तेव्हा तेवढ्यावर निकाल देऊ नका.

आणि एक चूक मला खरंच खटकते. 'ही तर नुसती रेल्वे, नाझींशी काय संबंध' असं म्हणत लोक हे शोकेसमध्ये मांडतात. याच राइशबानने ज्यूंना छळछावण्यांकडे नेलं, आणि त्याचं भाडं लावलं, थर्ड क्लासच्या दराने, माणशी किलोमीटरला ४ फेनिग (जर्मन मार्कचे पैसे), दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं तिकीट, चारशेच्या वर माणसं असली की ग्रुपची सवलत. १९३७ पासून युद्ध संपेपर्यंत रेल्वेचा प्रमुख डॉर्पम्युलर हाच वाहतूक मंत्रीही होता. बर्लिनच्या ग्रुनेवाल्ड स्टेशनवर सतरा नंबरच्या ट्रॅकला या गाड्यांचं स्मारक आहे, तारखा आणि माणसांचे आकडे लोखंडी पट्ट्यांवर कोरलेले. तुमच्या कलेक्शनच्या लेबलवर ही माहिती हवीच.

म्युनिक, फ्रँकफर्टकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींसाठी वेगळं सांगतो, तिथल्या दंडसंहितेच्या कलम ८६अ प्रमाणे नाझी चिन्हं सार्वजनिक ठिकाणी दाखवणं गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. संशोधन, शिक्षण वगैरेंना सूट आहे, पण फ्ली मार्केटमधून घेतलेला गरुड ट्रेनमध्ये उघडा धरून नेणं किंवा हौसेने इन्स्टावर टाकणं त्यात बसेल असं समजू नका. विक्रेते चिन्हावर स्टिकर लावून देतात, तो घरी पोचेपर्यंत काढू नका.